येतो म्हणजे येतो

ताईचं पत्र येऊन पडलं होतं आणि अनुस्वारांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. द्यायचं नव्हतं असं नाही. उलट त्यांनी ते कितीदा तरी लिहिलं होतं. पण जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस स्वतःचं पत्र तपासायला बसला की काय होतं, ते सांगायला नको. पहिल्या वाचनात न येण्याची कारणं खोटी वाटली, ती काटली. दुसऱ्या वाचनात खरी कारणं वाचवेनात, तीही काटली. मग हवापाण्याची चौकशी उगाच वाटली, ती गेली. शेवटी कागदावर 'ती. ताईस' एवढंच उरलं, आणि त्या 'ती'पुढच्या टिंबाकडे बघत अनुस्वार दिवेलागणीपर्यंत बसून राहिले.

अनुस्वार हे त्यांचं छापखान्यातलं नाव. आकारानं लहान, आवाज नाकातला, आणि नसला तरी कुणाचं फारसं अडत नाही. निदान त्यांना स्वतःला तरी तसंच वाटे. नोकरी संपली, नाव चिकटून राहिलं. आता गल्लीतला दूधवालासुद्धा त्यांना अनुस्वारकाका म्हणे.

ताईचं पत्र अगदी साधं होतं. ती त्यांच्याहून मोठी. कानानं पार अधू झालेली, म्हणून फोनचा उपयोग नाही; जे काही असेल ते ठसठशीत अक्षरात लिहून पाठवायची. 'वरची खोली रिकामी आहे. खिडकीपाशी उजेड चांगला येतो, तुझं वाचन होईल. ये, राहा. मी काही आता फार दिवस वाट बघू शकायची नाही.' सगळं छान. पण वरची खोली! ताईकडे संडास खाली, मागच्या अंगाला, आणि मध्ये जिना. तो जिना अनुस्वारांच्या स्वप्नात येत असे, आणि स्वप्नात त्याला नेहमी एक पायरी जास्तच असे.

कारण अनुस्वारांना मोठ्या आतड्याचा आजार होता. आत सूज येते, जखमा होतात, रक्त जातं, आणि 'लागली' म्हणजे लागली. तिथं विनंती-अर्ज चालत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस. हे नाव कागदावर पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांनी आधी त्यातलं ऱ्हस्वदीर्घ तपासलं आणि मग ते घाबरले. मग सल्ले सुरू झाले. एक जण म्हणाला दूध सोडा, दुसरा म्हणाला दुधावरच राहा. शेजारच्या शिंप्यानं तर सगळा दोष त्यांच्या बसण्याच्या पद्धतीला दिला. अनुस्वार सगळ्यांना हो म्हणाले आणि करायचं तेवढं डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे केलं. गोळ्या चुकवल्या नाहीत, इंजेक्शनं घेतली, दुर्बीण आत घालून केलेल्या तपासण्या सोसल्या.

आणि गंमत म्हणजे गुण आला. गेल्या तपासणीनंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आजार शांत आहे. गेला असं मी म्हणणार नाही, शांत आहे. औषध सोडायचं नाही. पण आता घराबाहेर पडा हो. तुमचं आतडं तयार आहे, तुमचंच काही खरं नाही."

नेमकं तेव्हाच गावातल्या ग्रंथालयाचं बोलावणं आलं. वर्धापनदिनाला भाषण करा, विषय 'माझ्या नजरेतून सुटलेल्या चुका'. कधी नव्हे ते अनुस्वारांना स्फुरण चढलं. जेवताना त्यांनी बायकोला सांगून टाकलं की हे भाषण विनाविघ्न पार पडलं की त्याच दिवशी ताईला पत्र. बायको म्हणाली, "आणि नाही पार पडलं तर?"

"पडणार. मी सगळी तयारी केली आहे."

तयारी म्हणजे काय, ते बायकोला ठाऊक होतं. हा माणूस कुठंही जायचा झाला की आधी तिथला संडास बघून येणार. गावातला प्रत्येक संडास त्यांच्या डोक्यात होता. बँकेतला किल्ली मागावी लागणारा, दवाखान्यातला कडी तुटलेला, बसथांब्याजवळचा नाइलाजाचा. ग्रंथालयातला तेवढा बघायचा राहिला होता. पण ग्रंथपालबाईंना सरळ विचारायचं कसं? अनुस्वार गेले, काउंटरपाशी घुटमळले, आणि बाईंनी "काय हवं?" विचारल्यावर त्यांच्या तोंडून "शब्दकोश" असं निघालं. शब्दकोश घेऊन घरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, ज्ञानकोशाचा जाडजूड खंड घेऊन परतले. तिसऱ्या खेपेला मात्र मासिकांच्या खोलीच्या पलीकडे, मागच्या दाराशेजारी, त्यांना ते दार दिसलं. आत गेले. पाणी होतं, कडी होती, खिळाही होता पिशवी अडकवायला. इतका आनंद त्यांना शब्दकोश सापडल्यावरही झाला नव्हता.

बायकोला त्यांनी भाषणाला येऊ नकोस म्हणून सांगितलं. तू समोर बसलीस की मला शब्द आठवत नाहीत, म्हणाले. तिनं फार वाईट वाटून घेतलं नाही. पिशवीत जादा पायजमा, टॉवेल आणि गोळ्या घालून दिल्या आणि दार लावून शांतपणे वाचत बसली.

सभागृह भरलं होतं. निदान अनुस्वारांना तरी ते भरलेलं वाटलं. ग्रंथालयाचे अध्यक्ष म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक, देहानं आणि आवाजानं सारखेच भरदार. त्यांनी पाहुण्यांना खुर्चीत बसवलं आणि परिचय करून द्यायला सुरुवात केली. अनुस्वारांनी सवयीनं मान वर करून भिंतीवरचा फलक वाचला. मोठ्या अक्षरात छापलं होतं: 'ज्येष्ठ मुद्रितशोषकांचे व्याख्यान'.

शोषक! जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि शेवटी स्वतःच्या डोक्यावर चूक टांगली गेली. तीही चष्मेवाल्याच्या देखरेखीखाली. अनुस्वारांना हसू आलं आणि त्याच क्षणी पोटात पहिली कळ आली.

शोषकामुळे कळ आली असं म्हणता येणार नाही; आतड्याला शुद्धलेखन कळत नाही. दुपारपासून छातीत धडधडत होतं, त्याचा हिशेब ते आता चुकता करत होतं. अनुस्वारांनी अध्यक्षांकडे आशेनं बघितलं. अध्यक्ष अजून छापखान्याच्या स्थापनेपर्यंतच पोचले होते. पाहुण्यांची चुळबुळ बघून ते कानाशी वाकले आणि कुजबुजले, "जरा कळ काढा, आलोच तुमच्या नोकरीपर्यंत." काढायला सांगितलेली कळ आणि आलेली कळ यांतला फरक समजावून सांगायला वेळ नव्हता. अनुस्वार उठले. एकदा फलकाकडे बघितलं, कारण मान तिकडेच वळलेली होती, आणि अगदी सौजन्यानं म्हणाले, "येतो."

पिशवी उचलून ते मागच्या बाजूला दिसेनासे झाले.

आता आपल्या भाषेचा स्वभावच असा की निघून जाणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. अध्यक्षांनी बघितलं ते एवढंच: पाहुणे फलक वाचून उठले, पिशवी घेतली, 'येतो' म्हणाले आणि मागच्या दाराच्या दिशेनं गेले. मग अध्यक्षांनी स्वतः फलक वाचला आणि त्यांचा चेहरा दुकानातल्या दृष्टितपासणीच्या तक्त्यासारखा पांढरा पडला. ग्रंथपालबाईंनी वाचला. पहिल्या रांगेतल्या आजींनी मोठ्यानं वाचला. शोषक! बिचारा अपमान गिळून निघून गेला! तोंडातून एक वाकडा शब्द काढला नाही, 'येतो' म्हणाला! कुणाच्या तरी डोळ्यांत पाणीही आलं म्हणतात.

"गाठा त्यांना," अध्यक्ष म्हणाले. "फार लांब गेले नसतील."

सगळी सभा उठून रस्त्यावर आली. एक गट बसथांब्याकडे धावला, एक गट त्यांच्या घराकडे. ग्रंथपालबाई सगळ्यांत शेवटी निघाल्या. शेवटचा वाचक बाहेर पडला की दिवे मालवून दोन्ही दारांना कुलूप, ही त्यांची सवय हाडात मुरलेली. त्यांनी दिवे मालवले, मागचं दार लावलं, पुढचं लावलं, आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन घराकडच्या गटाला गाठलं.

अनुस्वार बाहेर आले ते हलके होऊन. प्रसन्न झाले होते. सगळं वेळेवर झालं होतं, जादा पायजम्याची घडीही मोडली नव्हती. पहिलं वाक्य मनात घोळवत ते सभागृहात आले, तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या! खिडकीतून संध्याकाळचा उजेड येत होता आणि टेबलावरचा पंखा एकटाच मान हलवत होता.

ते जागीच थिजले. म्हणजे सगळ्यांना कळलं. ऐकू गेलं असणार. पाण्याचा नळ सोडायला विसरलो की काय? त्यांनी पुढचं दार ओढून बघितलं, बाहेरून कुलूप. म्हणजे नुसते गेले नाहीत, कोंडूनही गेले! ते पहिल्या रांगेत बसले आणि त्यांनी मनातल्या मनात ताईच्या वरच्या खोलीला, तिथल्या खिडकीला आणि त्या चांगल्या उजेडाला रामराम केला. असा माणूस घरात, फार तर दवाखान्यात शोभतो. पत्राला उत्तर दिलं नाही तेच बरं झालं.

किती वेळ तसेच बसले, त्यांना कळलं नाही. पण समोर फलक होता आणि फलकावर 'शोषक' होतं. दुःख कितीही मोठं असलं तरी मुद्रितशोधकाला समोरची चूक किती वेळ बघवेल? खिशात जाड निळं पेन होतं. अनुस्वार खुर्चीवर चढले. हात अक्षरापर्यंत पुरेना, म्हणून फलकाच्या कोपऱ्याची दोरी सोडवून तो खाली ओढला. एका हातात फलक, दुसऱ्यात पेन. दोरी लोंबू लागली तशी ती त्यांनी गळ्याभोवती टाकून ठेवली. जीभ दातांत धरून ते 'ष'चा 'ध' कसा करावा याचा विचार करू लागले.

अध्यक्षांचं शरीर धावण्याच्या कामाचं नव्हतं. पहिल्याच कोपऱ्यावर दम लागून ते माघारी आले होते आणि ग्रंथालयाच्या पायरीवर बसले होते. आत काहीतरी खुडबुडलं म्हणून त्यांनी खिडकीच्या गजांतून डोकावलं. अंधूक उजेडात त्यांना दिसलं ते असं: खुर्चीवर उभे असलेले पाहुणे, गळ्यात दोरी, आणि चेहऱ्यावर ठाम निश्चय.

"अहो, नका!" अध्यक्षांच्या तोंडून किंकाळी निघाली. "एका अक्षरापायी जीव देऊ नका!"

अनुस्वार इतके दचकले की खुर्ची डुगडुगली. अध्यक्षांनी दोन्ही हातांनी गज धरले. किल्ली ग्रंथपालबाईंकडे, आणि त्यांचा फोन ग्रंथालयाच्या नियमाप्रमाणे बंद! मदत येईपर्यंत या माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवायला हवं, एवढंच त्यांना सुचलं, आणि ते बोलत सुटले. फलकाची चूक त्यांचीच. छापून आल्यावर त्यांनी तो वाचलाच नव्हता. लक्षच नव्हतं. हल्ली दुकानातही लक्ष नसतं, गिऱ्हाइकाला वाचायचा चष्मा सांगितला तर लांबचा देतात. घरी मुलगी आजारी आहे. शिकती पोर, पण खोलीबाहेर पडत नाही, मैत्रिणींना भेटत नाही, म्हणते आता माझं संपलं.

"पण संपत नाही हो," अध्यक्ष रडवेल्या आवाजात म्हणाले. "तिच्या डॉक्टरांनी सांगितलंय, आतड्याची सूज औषधानं शांत होते. होतेय पण. तीच घाबरून बसलीय."

अनुस्वारांनी पेनाचं टोपण लावलं. "कुठलं आतडं?"

"अं?"

"लहान की मोठं?"

"मोठं," अध्यक्ष गोंधळून म्हणाले. "पण तुम्ही आधी खाली उतरा."

अनुस्वार खाली उतरले, खुर्ची खिडकीशी ओढली आणि गळ्यातली दोरी तशीच ठेवून गजांपाशी बसले. गोळ्या कुठल्या, इंजेक्शन चालू आहे का, रक्त जायचं थांबलं का, सगळं विचारून घेतलं. अध्यक्ष उत्तरं देत गेले, आणि मग एकदम थांबले.

"तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

आयुष्यात ज्या वाक्याला अनुस्वारांनी कायम काट मारली होती, ते वाक्य आता त्यांच्या तोंडाशी आलं. त्यांनी ते तपासलं नाही. "मला तोच आजार आहे. मी रागावून गेलो नव्हतो. संडासला गेलो होतो."

अध्यक्षांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग आतल्या अंधारात मासिकांच्या खोलीकडे, मग फलकाकडे. त्यांचं पोट हलायला लागलं. गज धरून तो अवाढव्य माणूस इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. हसता हसता डोळे पुसायची वेळ आली, आणि ते नेमके कशानं भरले होते, हे अनुस्वारांनी विचारलं नाही.

इकडे घराकडे गेलेल्या गटानं अनुस्वारांच्या बायकोला जपून जपून बातमी सांगितली होती. साहेबांचा अपमान झाला, ते निघून गेले, आम्ही सगळीकडे शोधलं. बायकोनं पुस्तकात बोट घालून विचारलं, "संडासात बघितलंत का?"

संडासात कुणी बघितलं नव्हतं.

बायको चपला घालून पुढे आणि वाटेत मिळालेल्या बसथांब्याकडच्या गटासकट सगळी सभा मागे, अशी वरात ग्रंथालयापाशी आली. ग्रंथपालबाईंनी खाली मान घालून कुलूप उघडलं. आत गळ्यात दोरी घालून पाहुणे आणि बाहेर पायरीवर अध्यक्ष, दोघं गोळ्या जेवणाआधी घ्याव्यात की नंतर, यावर हुज्जत घालत होते. बायकोनं दोरी काढली, पिशवीत डोकावून घडीचा पायजमा बघितला आणि पहिल्या रांगेत बसली.

मग भाषण झालं. सुरुवातीचं घोकलेलं वाक्य त्यांनी सोडूनच दिलं. म्हणाले, "मंडळी, मी रागावलो नव्हतो. मला आतड्याचा जुना आजार आहे आणि मला जोरात लागली होती."

मग पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "मग तसं सांगायचं नाही का? मी या गुडघ्यांनी बसथांब्यापर्यंत पळाले."

हसण्याचा जो लोट उठला, त्यात अनुस्वारांची भीती कुठल्या कुठं वाहून गेली. ते बोलत सुटले. नजरेतून सुटलेल्या चुका सांगितल्या, लग्नपत्रिकेत 'वधू'ची 'वधु' कशी झाली आणि वधूपित्यानं छापखाना कसा डोक्यावर घेतला, ते सांगितलं. लोक पोट धरून हसले. मध्येच तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि लाजत म्हणाले, "येतो." त्यांच्यामागून आणखी एक. पाहुण्यांनी मोकळीक दिल्यावर सभागृहात 'येतो'ची साथच पसरली. इतकी वर्षं किती माणसं सभांमधून कळ काढत बसली होती, देव जाणे!

निघताना अध्यक्षांनी त्यांचा हात धरला. अनुस्वार म्हणाले, "मुलीला उद्या इथं पाठवा. संडास उत्तम आहे. मी स्वतः तपासलाय."

घरी जाताना बायकोनं विचारलं, पार पडलं म्हणायचं का? विनाविघ्न नाही म्हणता येणार, अनुस्वार प्रामाणिकपणे म्हणाले. मग पत्राचं काय, हे तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. बारीक, डोळ्यांखाली काळं, आणि आल्या आल्या तिची नजर मासिकांच्या खोलीपलीकडे गेली. अनुस्वारांना ती नजर ओळखायला वेळ लागला नाही. मुलगी आधी आत जाऊन दार बघून आली, मग समोर बसली.

"कडी चांगली आहे," ती म्हणाली.

"खिळाही आहे."

"बघितला." थोडा वेळ ती मासिकाचं पान उलटत राहिली. "काका, तुम्ही बाहेर कसे पडता?"

"भीत भीत. गोळी घेतो, पिशवी घेतो, दार बघून ठेवतो. काल तर कोंडलाच गेलो होतो."

"बाबांनी सांगितलं." ती पहिल्यांदा हसली. "आणि आजारी पडल्यापासून सगळ्यांत लांब कुठं गेलात?"

अनुस्वारांनी आठवून बघितलं. पुन्हा आठवून बघितलं. मग खरं तेच सांगितलं. "इथपर्यंत."

"मग आपण दोघं बरोबरीतच," ती म्हणाली. "मी पण."

हे काही खरं नाही, असं अनुस्वारांना वाटलं. ही पोर आज घराबाहेर पडली, उद्या वर्गात जाऊन बसेल, परवा आणखी कुठं. आपण आपले मासिकांच्या खोलीत उत्तम कडीचं कौतुक करत बसणार. ते उठले. उद्या पुन्हा येशील ना, एवढं तिला विचारून घेतलं, ती येईन म्हणाली, आणि ते तडक पोस्टात गेले. पोस्टकार्ड घेतलं आणि उभ्या उभ्या लिहायला लागले. आज तपासायचं नाही, काटायचं नाही. लिहिलं: 'ती. ताईस, येतो.' खाली सही, आणि कार्ड पेटीत.

बायको भाजी घेऊन कोपऱ्यावर भेटली. अनुस्वारांनी छाती काढून सांगितलं की पत्र गेलं.

"काय लिहिलंत?"

"येतो."

"नुसतं येतो?"

"नुसतं. एक अक्षर जास्त नाही."

बायको थांबली. तिनं भाजीची पिशवी खाली ठेवली. "अहो, भाऊ आजारी. महिनोन् महिने त्याचं पत्र नाही. आणि एक दिवस कार्ड येतं, त्यात एकच शब्द. येतो. वाचून ताई काय समजतील?"

अनुस्वारांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. तिथं दोरी नव्हती, तरी चाचपून बघितलं. मग ते वळले आणि पेटीपाशी गेले. पेटीच्या फटीतून त्यांची चार बोटं आत गेली, अंगठा मात्र जाईना. मागून टपाल टाकायला आलेला माणूस सौजन्यानं उभा राहिला.

अनुस्वारांनी दुसरं कार्ड घेतलं आणि पेटीच्या डोक्यावर ठेवून लिहिलं. 'ती. ताईस, आधीच्या कार्डात येतो म्हणजे येतो, राहायला. जातो या अर्थी नव्हे. माझी तब्येत चांगली आहे, रडू नये. वरची खोली चालेल. जिन्यातला दिवा लागतो ना, तेवढं कळव. चूकभूल द्यावी घ्यावी.'

ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला घेतलं, तेव्हा बायकोनं ते हातातून काढून घेतलं आणि पेटीत टाकलं.